तेहतीस इंचांची खाच

डोळा लागला आहे की नाही, हे मला नक्की सांगता येत नाही. दुकानाच्या फळीवर पाठ टेकलेली आहे, पोटात दोन कडाकण्या आणि वाटीभर कटाची आमटी आहे, आणि समोर माझं शिलाई मशीन झेंडूची माळ घालून बसलं आहे. आज खंडेनवमी. हत्यारांची पूजा झाली की त्या दिवशी त्यांना हात लावायचा नसतो. पाटावर कात्री, टेप, कोयता आणि माझी मासे धरायची काठी, अशी चौघं हळदीकुंकू लावून आडवी पडली आहेत. दसरा-दिवाळीच्या गर्दीत शिंप्याला सक्तीची सुट्टी मिळते ती एवढीच, आणि ती मी झोपेत घालवतो.

आज मात्र झोप दारातच घुटमळते आहे. कारण उद्या खांब घरी येणार.

खांब म्हणजे गोदाक्काच्या चहाच्या टपरीचा मधला सागवानी खांब. टपरी नदीला लागून आहे. उद्या दसऱ्याच्या मुहूर्तावर तिथं लोखंडी शेड उभी राहणार, आणि खांब निघणार. त्या खांबावर आम्हा गळवाल्यांच्या खाचा आहेत. आमच्याकडे मोठा खडस मासा धरला तर मोजून परत सोडायचा, आणि तो शेपटीवर उभा केला तर डोकं जिथं येईल तिथं खांबाला खाच मारायची. नियम एकच, धरणाऱ्यानं स्वतः मारायची नाही. पाहणाऱ्यानं मारायची. गोदाक्कानं गेल्या आठवड्यात सगळ्यांसमोर जाहीर केलं, "ज्याची खाच सगळ्यात वर, त्याच्या घरी खांब." सगळ्यात वरची खाच साडेतीस इंचांवर आहे आणि ती माझी आहे. एकनाथ पोरे, लेडीज अँड जेंट्स टेलर. चौदा वर्षं झाली, तिच्यावर कुणी गेलेलं नाही.

म्हणजे खांबावर तरी गेलेलं नाही.

ती खाच मारली भैरूनं. भैरू जगदाळे, वीज मंडळातला वायरमन, माझा शाळेपासूनचा जोडीदार. गेल्या चैत्रात सकाळी दात घासता घासता गेला. तेव्हापासून तो सगळ्यांच्या स्वप्नात येतो. त्याच्या बायकोच्या, सोनावहिनीच्या स्वप्नात येऊन फ्यूज बदलून गेला. गोदाक्काच्या स्वप्नात बशीतून चहा पिऊन गेला. ज्याच्याशी त्याचं कधी पटलं नाही, त्या सरपंचाच्या स्वप्नातसुद्धा हजेरी लावून आला. माझ्याकडे सहा महिन्यांत फिरकलेला नाही. लोक सांगतात आणि मी "हो का?" म्हणून काजं करत बसतो. आतून मात्र माझा जळफळाट होतो. पन्नास वर्षांची दोस्ती माझी, आणि स्वप्नं सरपंचाला.

मशीनचं चाक हळूहळू फिरायला लागतं. आज त्याला कुणी हात लावायचा नाही, तरी फिरतं. त्याचा आवाज ओळखीचा आहे, पण मशीनचा नाही. मासा दोर ओढून नेतो तेव्हा काठीच्या बुडाची चकरी असा आवाज करते. मी पाय खाली सोडतो. फळीखाली पाणी आहे, घोट्यापर्यंत. एवढं गार पाणी आमच्या नदीला कधीच नसतं.

"बूट घालून ये की," भैरू म्हणतो. "गारठ्यानं मरशील."

तो पाण्यात मांडीपर्यंत उभा आहे. पाठमोरा. अंगात मीच शिवलेला खाकी शर्ट आहे, डाव्या खांद्याची शिवण थोडी सुटलेली. ती मी दुरुस्त करून देणार होतो.

"मरायची गोष्ट तू मला सांगू नकोस," मी म्हणतो.

तो हसतो. काठी मागं जाते, दोर डोक्यावरून हवेत लांब होतो आणि पाण्यावर अलगद उतरतो. आयुष्यभर खांबावर चढून तारा फेकलेला हात आहे तो. मी चाळीस वर्षं हीच फेक शिकतो आहे आणि माझा दोर अजून पाण्यावर धोंडा पडल्यासारखा पडतो.

आजूबाजूला झाडं आहेत, पण ऐन नाही, जांभूळ नाही, किंजळ नाही. उंच, सरळ, आणि शेंड्यापासून बुंध्यापर्यंत पिवळी. वारा नसताना पानं गळताहेत. पाण्यावर पानंच पानं. ही झाडं मी पाहिलेली आहेत, ठाकूरसाहेबांच्या भिंतीवर.

ठाकूरसाहेबांच्या व्हरांड्यात आम्ही दोघं फरशीवर बसलेले आहोत. वय एकवीस, भैरूला नुकती मिशी फुटलेली. ठाकूरसाहेब म्हणजे वरच्या धरणाच्या कामावर आलेले हिमाचलचे इंजिनीअर. ते आम्हाला गळाभोवती कोंबड्याच्या मानेचं पीस आणि रेशमी दोरा गुंडाळून खोटा किडा कसा करायचा ते दाखवताहेत. ते त्याला फ्लाय म्हणतात, आम्ही माशी. माझ्या हातची माशी पाहून साहेब म्हणतात, "दर्जी का हाथ है." भैरूची माशी पाहून काहीच म्हणत नाहीत. आयुष्यात भैरूपेक्षा मी पुढं होतो असा तो एकच क्षण, म्हणून मी तो दोनदा पाहतो. भिंतीवर फोटो आहे: पिवळी झाडं, दगडांची नदी, आणि साहेबांच्या तळहातावर एक मासा. ब्रूक ट्राउट. पानगळीच्या दिवसांत, साहेब सांगताहेत, त्याला लग्नातल्या नवऱ्यासारखा रंग चढतो.

"जायचं तिकडं," भैरू माझ्या कानात म्हणतो.

"जायचं," मी म्हणतो.

दर आश्विनात ठरायचं आणि दर आश्विनात राहायचं. कारण आश्विनात ब्लाउज असतात, फॉल-पिको असतं, पोरांचे दिवाळीचे कपडे असतात. "औंदा राहू दे, पुढल्या साली नक्की," हे वाक्य मी चाळीस वेळा बोललो. भैरू एकटा जाऊ शकला असता. रजा होती, रेल्वेचा पास काढून देणारा मेहुणा होता. तो गेला नाही. दरवर्षी म्हणायचा, "तू न्हाईस तर काय मजा."

आणि आता हा इथं मांडीभर गार पाण्यात एकटा उभा आहे.

"तू मला सोडून आलास," मी म्हणतो.

"मी कुठं आलो? मला आणलं."

"बोलवायचं तरी."

"तुझे ब्लाउज व्हते की," तो म्हणतो. वर तोंड वाकडं करून हसतो.

दोर ताणला जातो. चकरी गाते. तो घाई करत नाही, कधीच करत नसे. मासा जवळ येतो, तो हात ओला करून पाण्यातच त्याला धरतो आणि मला दाखवतो. वीतभर मासा आहे. पाठीवर शेवाळी नक्षी, कुशीवर तांबडे ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याभोवती निळं कडं. पोट विस्तवासारखं लाल. आणि पोटाखालच्या परांना पांढरी किनार, शाळेच्या गणवेशाच्या खिशाला पायपिंग लावतात तशी, एकसारखी, कुठं सुरकुती नाही. मी सुतासाठी पेठा पालथ्या घातलेला माणूस आहे. असं काम मी पाहिलेलं नाही.

मी हे खोटं सांगणार नाही. माझा मित्र मेला आहे, सहा महिन्यांनी मला दिसतो आहे, आणि मला रडू येण्याऐवजी असं वाटतं की हा मासा माझ्या हातात असायला हवा होता. त्याच्या गळाला लागलेली माशीसुद्धा माझी आहे. मानेचं तांबडं पीस, वर हिरव्या रेशमाचे तीन वेढे. चाळीस वर्षं माशा मी बांधल्या आणि मासे त्यानं धरले.

"तुझीच हाय," तो म्हणतो, मी न विचारता. "हितं समद्यास्नी दावतो. म्हणतो, माझ्या दोस्ताच्या हातची."

"समदे म्हंजे कोण?"

तो मासा माझ्यापुढं धरतो. "टेप दे, मोजू."

"टेप पूजेत आहे. आज हात लावायचा नाही."

"गळ्यात काय हाय मग?"

टेप माझ्या गळ्यात आहे. हळदीनं पिवळा झालेला. मी तो काढतो, माशाच्या तोंडाशी धरतो आणि शेपटीकडे सोडतो. वीतभर मासा आहे, आठ इंच, फार तर साडेआठ. टेपवर आकडा येतो तेहतीस.

मी पुन्हा मोजतो. तेहतीस.

"भैऱ्या, हा मासा आठ इंचांचा आहे."

"असंल. टेप तुझा."

तो मासा सोडतो, दुसरा धरतो. दुसरा त्याहून लहान. तेहतीस. मी झाडाचं गळलेलं पान मोजतो. तेहतीस. स्वतःचं मनगट मोजतो, ज्याचं माप मला झोपेतही माहीत आहे. तेहतीस.

नदीच्या मधोमध गोदाक्काचं बाकडं आहे आणि आम्ही दोघं त्यावर बसलेले आहोत. पाणी आता आमच्या नदीचं आहे, कोमट, निवळलेलं. काठावर भात पिवळं झालं आहे. गेल्या वर्षीची कोजागरी उद्यावर आहे. आम्ही आत्ताच खालच्या डोहावरून आलो आहोत आणि माझ्या दोन्ही बाह्या कोपरापर्यंत ओल्या आहेत. कारण तो मासा मी धरून ठेवला होता, भैरूनं गळ काढेपर्यंत. सोनेरी खवल्यांचा खडस, गाईच्या वासराच्या मानेएवढा जाड. टेप माझ्या गळ्यात होताच, कायम असतो. मी मोजला. तेहतीस. भैरूनं विचारलं नाही किती भरला, तो नुसता माशाकडे बघत होता. मग त्यानं त्याला पाण्यात सरळ धरलं, दम येऊ दिला, आणि सोडलं. खडस सावकाश गेला.

डोहावर आमच्याशिवाय कुणी नव्हतं. पाहणारा मी एकटा.

गोदाक्का चहा ओतता ओतता विचारते, "आज काय गावलं काय न्हाई?"

"खडस गावलावता भैऱ्याला," माझा आवाज म्हणतो. मला तो थांबवता येत नाही, मागच्या वर्षीही आला नव्हता. "मोठा व्हता. पर हातातनं निसटला. मोजाय मिळाला न्हाई."

भैरू माझ्याकडे बघतो. एकदाच. मग चहा बशीत ओततो आणि म्हणतो, "व्हय. निसटला."

आणि फुर्र करून पितो.

एवढंच झालं होतं. तो भांडला असता तर मी टिकलो असतो. दोन शिव्या घातल्या असत्या तर मी चार घातल्या असत्या, हिशेब मिटला असता. पण त्यानं माझं खोटं स्वतःच्या तोंडी घेतलं आणि वर चहा प्यायला. म्हणजे मासाही त्याचा मोठा आणि मनही त्याचंच मोठं. ते मला माशापेक्षा जास्त झोंबलं. त्यानंतर सहा महिने तो जिवंत होता, रोज दुकानासमोरून जात होता, आणि त्यानं तो विषय काढला नाही. मीही काढला नाही. पुढं केव्हातरी सांगू, असं मी ठरवलं होतं, जसं हिमाचलचं ठरवलं होतं.

"का बोलला नाहीस?" मी विचारतो. बाकड्याखालून पाणी वाहतं आहे आणि पिवळी पानं आमच्या पायांना अडकताहेत.

"काय बोलायचं?"

"मी खोटं बोललो म्हणून सांगायचं. चारचौघांत. गोदाक्कासमोर."

"खाच पाहणाऱ्यानं मारायची असती, एक्या. धरणाऱ्यानं न्हाई."

"तू चिडला नाहीस?"

तो विचार करतो. माणूस मेला तरी विचार करताना कान खाजवायची सवय जात नाही. "चिडलोवतो की. रातच्याला सोनीला म्हणालो, एक्याचं एक खांबावर हाय, ते ऱ्हाऊ दे. माझं काय, माझ्याकडं खांबच खांब हायत. आख्ख्या तालुक्याचं."

मला वाटतं, बसलेल्या जागी नदीत बुडी मारावी. सोनावहिनीला माहीत आहे. वर्षभर ती माझ्याकडून ब्लाउज शिवून घेते, "भावजी, बाही जरा सैल ठेवा" म्हणते, आणि तिला माहीत आहे.

शाळेचं पटांगण आहे. भैरू माझ्यापुढं पळतो आहे, अनवाणी. शर्यतीची चुन्याची रेघ जवळ येते, आणि तो वेग कमी करतो. मला आत्ता दिसतं की तो मुद्दाम कमी करतो. मी त्याच्या पुढून रेघ ओलांडतो. मास्तर माझ्या हातात पेन देतात. ते पेन मी मॅट्रिकपर्यंत वापरलं.

"तेव्हासुद्धा?" मी ओरडतो.

"लई जुनं हाय ते," तो म्हणतो. तो परत पाण्यात उभा आहे, पाठमोरा, दोर हवेत. "उद्या खांब घरी न्हे. दारात उभा कर. वर हंडी-झुंबर काय लावायचं ते लाव. मी देतो म्हणतोय की तुला."

देतो म्हणतोय.

भैरू जगदाळे मला माझी खाच देतो आहे. आमच्या पन्नास वर्षांत त्यानं मला काय काय दिलं असेल, याचा मला आता भरवसा राहिलेला नाही. पेन दिलं. हिमाचलला न जाऊन चाळीस आश्विन दिले. साडेतीस इंचांचा तो माझा खडससुद्धा, चौदा वर्षांपूर्वी, आधी त्याच्या गळाला लागून सुटला नव्हता कशावरून? त्या दिवशी तो म्हणाला होता, "एक्या, ह्या दगडामागं टाक." मी टाकला, आणि लागला.

"मला नको," मी म्हणतो.

"आता नको काय. घे की."

"नको म्हणालो ना. तुझ्या दानाचा खांब माझ्या दारात नको. लोक म्हणतील एकनाथ पोरेचा खांब, आणि मला ठाऊक असणार कुणाचा आहे. रोज उठून मी ते बघू?"

"मग काय करणार तू?"

"तुझी खाच मारणार. तेहतीसवर. तू वर आणि मी खाली, सगळ्यांना दिसेल असं. मग तुला काही देता येणार नाही मला."

भैरू प्रथमच वळून माझ्याकडे पूर्ण बघतो. चेहरा तोच आहे, फक्त दाढी नुकती केल्यासारखी आहे, आणि ओठाच्या कोपऱ्यात दातांच्या पेस्टचा पांढरा ठिपका राहिला आहे. तो मोठ्यानं हसतो, अगदी मनापासून. मला त्याला मिठी मारावीशी वाटते आणि त्याच्या काठीचे दोन तुकडेही करावेसे वाटतात.

"लई जळतोस लेका तू," तो म्हणतो. "अजून."

"जळतोच. तू मेलास म्हणून मी काय सोडणार आहे?"

"सोडू नकोस," तो म्हणतो. "हितं कोण जळत न्हाई माझ्यावर. करमत न्हाई."

दोर पाण्यावर उतरतो. अलगद. चकरी वाजायला लागते, वाजत राहते, आणि तिचा आवाज कपबशीचा होतो.

"चहा," माझी बायको इंदू म्हणते. "किती वेळ हाका मारतीय. झोपेत भांडत काय व्हता?"

दुकानात ऊन तिरकं आलं आहे. मशीन जागच्या जागी, चाक स्थिर. फरशी कोरडी आहे. मी चहाचा घोट घेतो आणि पाटाकडे बघतो. सकाळी मी टेपाची गुंडाळी करून ठेवली होती, वर एक फूल ठेवलं होतं. आता टेप उलगडून पाटावरून खाली लोंबतो आहे आणि फूल बाजूला पडलं आहे. उंदीर असेल, असं मी स्वतःला सांगतो. मग वाकून बघतो.

टेपवर एक खवला चिकटला आहे. तळहाताच्या खळग्यात मावेल एवढा, कडेला सोनेरी. खडसाचाच. हा टेप मी वर्षभर रोज वापरतो, कालपर्यंत याच टेपानं निम्म्या गावाच्या छात्या मोजल्या. खवला ओला आहे. आणि तो तेहतीसच्या आकड्यावर आहे.

मी काय केलं तेही सांगतो, लपवत नाही. मी दाराकडे पाहिलं, इंदूची पाठ होती, आणि मी नखानं तो खवला खाली सरकवून बघितला. तिसापर्यंत नाही, निदान एकतीसपर्यंत तरी येतो का. तो हलला नाही.

मी चहा संपवतो आणि पूजेतला कोयता उचलतो. हळदीची बोटं पात्यावर उमटलेली आहेत.

"अहो, आज हत्याराला हात लावत्यात व्हय?" इंदू म्हणते. "निघाला कुठं?"

"गोदाक्काकडं. भैऱ्याची खाच राहिलीय. उद्या खांब निघायच्या आत मारायला पाहिजे."

"कसली खाच? त्यो मासा निसटला व्हता की."

"न्हाई," मी म्हणतो. बोलायला जमतं, याचं मलाच नवल वाटतं. "मी मोजला होता. तेहतीस भरला होता."

इंदू कपबशी हातात घेऊन उभी राहते. मला वाटतं, आता ही काहीतरी बोलणार आणि मला ते ऐकून घ्यावं लागणार.

"मग खांब सोनाताईंकडं जाईल," ती एवढंच म्हणते. "दारातली सायकल काढून ठेवा म्हणून सांगते त्यास्नी."

मी चपला घालतो. खाच मारताना हात अर्धा इंच खाली सरकेल, मी मला ओळखून आहे. म्हणून टेपही बरोबर घेतो, खवल्यासकट.